मुलांच्या दातांचे फोटो पाठवून सल्ला घ्यायची सोय: फेरी कुठे वाचते, कुठे नाही

गोव्यात दातांच्या डॉक्टरांची वानवा नाही. म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव, कुठेही जा, बाजाराच्या रस्त्यावर दोन-तीन पाट्या दिसतातच. लहान मुलांचे दात बघणारे तज्ज्ञ मात्र बहुतेक शहरांतच आहेत, आणि सरकारी उपचार हवेत तर बांबोळीचं डेंटल कॉलेज. काणकोणातल्या गावडोंगरीहून, सत्तरीतल्या केरीहून किंवा सांग्यातल्या नेत्रावळीहून मुलाला तिथं न्यायचं म्हणजे आईचा किंवा बापाचा अख्खा दिवस मोडतो, शाळा बुडते, आणि कित्येकदा ‘दुधाचा दात आहे, हलतोय, आपोआप पडेल’ एवढंच ऐकून परत यावं लागतं. 2020 च्या टाळेबंदीत दवाखाने बंद पडले तेव्हा फोटो पाठवून विचारायची सवय लागली, ती अजून टिकून आहे. काही दवाखाने त्याची फी घेतात, काही जुन्या पेशंटना तसंच सांगतात. शिवाय फोटोवरून कीड ओळखतो म्हणणारी ॲप्स आणि घरी वापरायचे छोटे कॅमेरेही बाजारात आलेत.

निकाल आधीच सांगून टाकू. मुलाला आजच न्यायचं, या आठवड्यात न्यायचं, की चवथीच्या सुट्टीपर्यंत थांबलं तरी चालेल, हे ठरवायला ही सोय उत्तम. ‘कीड नाही’ असा दाखला मिळवायला ती बिनकामाची, कारण मुलांची कीड जिथं सर्वांत जास्त लपते तिथं कॅमेरा पोचतच नाही.

ती जागा म्हणजे दुधाच्या दोन दाढांमधली सांध. या दाढा एकमेकींना रुंद पट्टीवर चिकटून असतात. बिस्किटाचा लगदा, जत्रेतल्या खाज्याचा गूळ तिथं जाऊन बसतो आणि ब्रशचा केस तिथं शिरत नाही. दुधाच्या दाताचं इनॅमल कायमच्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचं, त्यामुळे कीड लवकर आत उतरते, आणि वरून बघावं तर दाढ धडधाकट. फार तर चावायच्या कडेखाली करडी छाया दिसते. ती दिसू लागते तोवर आतला भाग बराच पोखरलेला असतो. मग उंडा चावताना एक दिवस कड तुटते आणि घरच्यांना वाटतं, खड्डा आजच पडला. ही कीड वेळेत सापडायची तर बाइटविंग नावाचा छोटा एक्स-रे लागतो, त्यात वरच्या-खालच्या दाढा एकत्र येतात. तीनेक वर्षांपर्यंत काही मुलांच्या दाढांत मोकळी फट असते, तेवढ्यांच्या बाबतीत फोटो थोडं जास्त सांगतो. बाकी नुसत्या फोटोवरून ‘मागच्या दाढा ठीक आहेत’ असं कोणी लिहून दिलं तर ते वाक्य सोडून द्यावं.

याउलट काही गोष्टी फोटोत इतक्या स्वच्छ दिसतात की फेरी खरोखरच वाचते. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या खालच्या पटाशीच्या दातांमागे दुसरी रांग उगवते आणि घरात घबराट होते. पुढचा दुधाचा दात हलत असेल तर बहुधा थांबता येतं, तो पडला की जीभ मागच्याला हळूहळू पुढे ढकलते. मुळीच हलत नसेल तर काढायला न्यावं लागतं. हलतो की नाही हे फोटोत कळत नाही, ते बोटानं बघून सोबत लिहायचं. दाढ यायच्या जागी हिरडीवर आलेला निळसर-जांभळा फुगाही फोटोवरून ओळखता येतो. तो बहुतेक वेळा दात वर आला की आपोआप जातो. सगळ्याच दातांवर हिरडीच्या कडेने काळी बारीक रेघ असेल तर ती बहुधा एका प्रकारच्या जंतूंमुळे धरलेली काळी पुटं असतात, कीड नव्हे. लोहाच्या औषधाचे थेंब चालू असतील तर तेही लिहावं, त्यानेही दात काळे पडतात.

फोटोचं सर्वांत मोलाचं काम पहिल्या कायमच्या दाढेबाबत होतं. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे येते. कोणताही दात न पडता येते, म्हणून ती दुधाचीच समजून दुर्लक्षिली जाते. ओळखायची साधी रीत आहे: मधल्या रेषेपासून मागे मोजत जायचं, पाच दात सोडले की सहावी ही. तिच्यावर पांढरे, पिवळे किंवा तपकिरी, कडा ठळक असलेले चट्टे असतील आणि मूल थंड पाणी प्यायला कुरकुरत असेल, तर इनॅमल घडतानाच कच्चं राहिल्याची शक्यता असते. याला एमआयएच (मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन) म्हणतात. असं इनॅमल चावण्याच्या जोराने ढपली सुटून निघतं. फोटोत हे चट्टे छान उमटतात आणि डॉक्टर पंधरा दिवसांच्या आत बोलावू शकतात. खड्डा पडायची वाट बघितली तर तीच दाढ वाचवणं कठीण होऊन बसतं.

हिरडीवरची पुळीही अशीच. दुधाच्या दाढेजवळ वाटाण्याच्या दाण्यापेक्षा लहान, मधे पिवळसर टोक असलेली पुळी म्हणजे मुळाशी पू झालाय. ती फुटली की आतला दाब कमी होतो, दुखणं थांबतं, आणि ‘बरं झालं’ म्हणून विषय संपवला जातो. खाली मात्र कायमच्या दाताचा कोंब वाढत असतो. पुळीचा फोटो स्पष्ट असेल तर दुखत नसलं तरी बोलावणं यायला हवं.

आता फोटोकडे. निम्मे सल्ले फसतात ते इथं. मूल तोंड उघडतं, फ्लॅश चमकतो, आणि हाती येतं ते ओठ, जीभ आणि मागे काळोख. पाच फोटो लागतात: दात मिटून समोरून, दात मिटून उजव्या गालाकडून, तसाच डाव्याकडून, वरच्या जबड्याची चावायची बाजू आणि खालच्याची. दुखणाऱ्या जागेचा एक वेगळा. पाचांपैकी बाजूचे दोन लोक हमखास गाळतात, आणि दात एकमेकांवर उलटे बसतात का ते त्याच दोनांत दिसतं.

आधी ब्रश करून चूळ भरायची. मे महिना असेल तर जांभळं-करवंदं खाऊन लगेच फोटो काढू नये, आमसुलाच्या सरबताचंही तेच. मग स्वच्छ सुती कापडाने किंवा गॉझने दात टिपून घ्यायचे. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण कीड सुरू होतानाचा पांढरा डाग ओल्या दातावर दिसत नाही. किडीची पायरी ठरवायच्या आयसीडीएएस पद्धतीत पहिला क्रमांक अशा डागाला आहे जो 5 सेकंद हवेनं सुकवल्यावरच दिसतो, दुसरा ओल्यावरही दिसणाऱ्याला. घरी हवेची नळी नसते, पण टिपून लगेच काढलेला फोटो आणि लाळेत न्हालेला फोटो यांत फरक पडतोच.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी दोघं मोठी माणसं गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या कमरेभोवती पाय टाकून बसतं आणि मागे झुकून दुसऱ्याच्या मांडीवर डोकं टेकतं. आई हात धरते. फोन ज्याच्या मांडीवर डोकं आहे त्याच्याकडे. कपाळाच्या बाजूने बघितलं की खालच्या दाढा थेट दिसतात. वरच्या दाढांसाठी हनुवटी वर करून छातीच्या बाजूने फोन धरायचा. ही दिशा उलटी झाली की कितीही फोटो काढा, दाढेची फक्त बाजूची भिंत येते. या वयात वरचा ओठ अंगठ्याने उचलून पुढच्या चार दातांचा फोटो काढायलाच हवा. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांची कीड तिथं हिरडीजवळच्या पांढऱ्या पट्ट्याने सुरू होते. खालचे पुढचे दात जीभ आणि लाळेमुळे बहुधा वाचतात, म्हणून तेवढेच बघून समाधान मानणाऱ्या घरात वरचे किडून जातात.

फोनचा मागचा कॅमेरा वापरावा. सेल्फीत काही फोनवर डावं-उजवं उलटं होतं. अगदी जवळ नेऊ नये. वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरून दोनपट झूम केलं की प्रमाण नीट राहतं, सावली पडत नाही आणि मुलाचा श्वास काचेवर बसत नाही. जवळ नेलं की काही फोन आपोआप मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळच्या भिंगावर, जातात आणि पुढचे दात टपोरे, मागचे पिटुकले दिसतात. दातावर बोट टेकून फोकस पकडायचा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची, नाहीतर पांढरा दात पांढऱ्यात विरून जातो. पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा, त्यात मागच्या दाढा मुद्दाम धूसर होतात. सौंदर्य फिल्टरही बंद, तो दात उजळवतो आणि किडीचा रंगच पळवतो.

उजेडासाठी फोनचा फ्लॅश नको. दुसऱ्या फोनचा टॉर्च एका बाजूने तिरका धरावा, पुढे टिश्यू पेपरची एक घडी लावली तर उजेड मऊ होतो. दातावर जो पांढरा ठिपका दिसतो तो डाग की चमक, हा प्रश्न डॉक्टरला पडू नये म्हणून त्याच जागेचे दोन फोटो काढायचे, दुसऱ्या वेळी टॉर्च थोडा सरकवून. चमक उजेडाबरोबर सरकते, डाग जागच्या जागी राहतो. एवढं केलं तरी उत्तराचा दर्जा बदलतो. पिवळ्या बल्बखाली सगळेच दात पिवळे दिसतात, तेव्हा खिडकीजवळ बसावं आणि एका फोटोत ओठाशेजारी कोरा कागद धरावा. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर आल्यावर भिंगावर वाफ धरते. ती पुसल्यावर मिनिटभर थांबून मगच काढावेत.

साधनांत चीक रिट्रॅक्टर, म्हणजे ओठ-गाल बाजूला ओढून धरणारा प्लॅस्टिकचा चिमटा, घ्यावा, तोही मुलांच्या मापाचा. ऑनलाइन मिळणारे पुष्कळसे मोठ्यांच्या मापाचे असतात आणि ते मुलाच्या ओठांना कातरतात. लावण्याआधी ओठांना व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायचं. एक बाजू अडकवून मग दुसरी, दोन्ही एकदम नाही. नसेलच तर चहाच्या स्टीलच्या चमच्याची पाठ गालाच्या आत घालून गाल बाहेर ओढला तरी काम होतं, आणि चार वर्षांचं पोर रिट्रॅक्टरपेक्षा चमच्याला कमी घाबरतं. तोंडात घालायचा आरसा घरी घेऊ नये असं आमचं मत. साध्या काचेच्या आरशात प्रतिमा दुहेरी येते. चांगला आरसा पुढच्या पृष्ठावर मुलामा दिलेला असतो, तो महाग, त्यावर ओरखडे लगेच पडतात, आणि कोमट पाण्यात गरम केल्याशिवाय तो वाफ धरतो. शिवाय आरशातून काढलेला फोटो उलटा येतो, तो सरळ करायचं राहून गेलं की डाव्या-उजव्याचा गोंधळ ठरलेला.

वायफायवर चालणारा ब्रशसारखा कॅमेरा ऑनलाइन मिळतो. त्याची गंमत अशी की तो एका दाताचं चित्र सुंदर देतो आणि तो दात कोणता हेच कळत नाही. एक-दोन सेंटिमीटरवर फोकस होतो, चौकट चिमुकली, टोक जाड, त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलाच्या शेवटच्या दाढेपर्यंत ते जात नाही. वाफ धरते, जोडणी मधेच तुटते. त्यातून घेतलाच तर प्रत्येक मुलासाठी नवं प्लॅस्टिकचं आवरण आणि आधी संपूर्ण जबड्याचा एक साधा फोटो. डॉक्टरला नकाशा आधी लागतो. घरात एकच मूल असेल तर हा खर्च करू नये. शाळेत किंवा अंगणवाडीत शिबिर घेणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान होतो आणि दाढेवरच्या बारीक चिरा नाहीशा होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, मूळ फाइल जाते. तिच्यात फोटो कुठं काढला ती जागाही नोंदलेली असू शकते, म्हणून कॅमेऱ्यातलं लोकेशन आधी बंद करावं. आयफोनची फाइल समोरच्या कॉम्प्युटरवर उघडत नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावं, मग फोटो जेपीजीत येतो. धारबांदोडा-सत्तरीकडच्या काही गावांत नेटवर्क रडतं, तिथं पाच फोटो एकदम न पाठवता एकेक पाठवलेला बरा.

सोबत लिहायचं ते असं: वय वर्षं आणि महिन्यांत, वजन, कोणत्या बाजूला, कधीपासून. दुखतं ते थंड-गोड लागल्यावर आणि लगेच थांबतं, की काहीही न खाता, रात्री झोपेतून उठवतं? हा एक प्रश्न कधी कधी सगळ्या फोटोंपेक्षा जास्त सांगतो. रात्री उठवणारं दुखणं म्हणजे नस सुजलेली, तिथं नुसतं भरून भागत नाही. आधी काय दिलं तेही लिहावं, लवंगेचं तेल असो की फेणीचा बोळा. फेणीचा बोळा मुलाच्या दाताला लावायचा नाही, हिरडी भाजते आणि मूल ती गिळतं.

सेवा चांगली की वाईट हे उत्तरावरून कळतं. पहिली खूण: चांगली सेवा फोटो परत पाठवते. ‘खालच्या उजव्या बाजूचा धूसर आहे, जीभ वर टाळूला लावायला सांगून पुन्हा काढा’ असं येणं म्हणजे कोणीतरी खरोखर बघतंय. आलेल्या प्रत्येक फोटोला पाच मिनिटांत ठाम निदान मिळत असेल तर सावध राहावं. दुसरी खूण, उत्तरात दाताचं नाव किंवा क्रमांक असतो. उदाहरणार्थ: ‘85, म्हणजे खालची उजवी शेवटची दुधाची दाढ, हिच्यात खड्डा दिसतो. कीड किती खोल हे फोटोत सांगता येत नाही, एक्स-रे लागेल. हिरडीवर पुळी किंवा गालावर सूज आली तर त्याच दिवशी आणा, नाहीतर आठवड्याच्या आत.’ हे पूर्ण उत्तर झालं. ‘कीड आहे, भरून घ्या’ याला फी देण्यात अर्थ नाही. नुसत्या फोटोवर अँटिबायोटिक लिहून देणारी सेवा तर टाळावीच. सूज आणि ताप नसताना नसेचं दुखणं अँटिबायोटिकने जात नाही, आणि मुलांचा डोस वजनावर ठरतो. वजनच विचारलं नाही तर डोस कशावरून काढला?

ॲप्सबद्दल थोडक्यात. दातावरची चमक, चॉकलेटचा कण आणि दाढेच्या खोबणीतला निरुपद्रवी काळा डाग यांना ती कीड म्हणून मोकळी होतात. सिल्व्हर डायमिन फ्लोराइड लावलेली दाढ काळी कुळकुळीत दिसते, कारण थांबलेली कीड त्या औषधाने काळीच होते. ॲप तिलाही लाल चौकट घालतं. आणि दाढांच्या सांधीतली खरी कीड? तिथं हिरवी खूण. मुलाला ब्रश करायला लावायला एखादं ॲप वापरा हवं तर, निदानाला नको.

पुन्हा तपासणीला मात्र फोटो फार उपयोगी. फ्लोराइड वार्निश लावल्यानंतर पांढरा पट्टा वाढतोय की थांबलाय, हे दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीशी, त्याच अंतरावरून काढलेल्या फोटोत दिसतं. सिल्व्हर लावलेली जागा काळी राहिली तर ठीक, कडेला तपकिरी रंग परतला तर दाखवावं. ती जागा कठीण झाली की नाही हे मात्र डॉक्टरच्या हातालाच कळतं.

काही वेळा फोन खिशातच ठेवायचा. गालावर किंवा जबड्याखाली सूज आणि ताप, डोळा मिटत चाललेला, तोंड उघडेना, गिळताना त्रास, लाळ गळतेय: सरळ बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात, वाहन नसेल तर 108. पडून कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो पांढऱ्या बाजूने धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, मळला असेल तर पाण्याखाली क्षणभर धरून जमलं तर जागेवर बसवायचा, नाहीतर थंड दुधात टाकून तासाभरात दवाखाना गाठायचा. फोटो गाडीत बसल्यावर पाठवा. दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवत नाहीत, खालच्या कोंबाला इजा होते. सात-आठ वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात रुंद आणि कडेला करवतीसारखा असेल तर तो कायमचा समजून चालायचं.

शाळांनी किंवा अंगणवाड्यांनी मुलांचे फोटो काढून पाठवायचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्यावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. चौकटीत डोळे येऊ देऊ नयेत, ओठ येऊ द्यावेत, नाहीतर वरचा जबडा कोणता हेच ओळखू येत नाही. फोटोच्या नावात मुलाच्या नावाऐवजी नोंदवहीतला क्रमांक घालावा.

फी भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: उत्तर लेखी आणि किती तासांत, त्यावर डॉक्टरचं नाव आणि डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो का, फोटो पुन्हा पाठवायला सांगितला तर फी पुन्हा लागते का, आणि प्रत्यक्ष गेल्यावर ती रक्कम बिलातून वजा होते का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर दुसरा दवाखाना बघावा, कारण तिथं धूसर फोटोवरही निदान उरकायची घाई होते.